‘इसीएम गेलाय’ म्हणण्याआधी

(दृश्य : खानापूर रोड, पावसाळी सकाळ. तिसरं रेल्वे गेट ओलांडून उद्यमबागेकडं जाणारी वाहनं.)

बेळगावात उद्यमबाग म्हटलं की फौंड्र्या, लेथ आणि मशीन शॉप आठवतात. त्याच पट्ट्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारी माणसंही आहेत. दारात उभ्या गाड्यांच्या नंबर प्लेट वाचल्या तरी सीमाभाग कळतो : केए-२२, केए-२३, एमएच-०९, मधूनच गोव्याची जीए. मिस्त्री फोनवर स्पेअरवाल्याशी कन्नडात बोलतो, पोऱ्यावर हिंदीत ओरडतो आणि गिऱ्हाइकाला मराठीत समजावतो.

आज आलेली गाडी जांबोटीकडची. टोचन करून आणलीय. मालकाच्या हातात एका दुसऱ्या गॅरेजचं एस्टिमेट आहे. त्यावर एकच ओळ : इंजिनचा इसीएम (म्हणजे इंजिन सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) नवीन, प्रोग्रॅमिंगसह. आकडा असा, की त्यात एखादी दुभती म्हैस यावी.

मिस्त्री एस्टिमेट बघत नाही. आधी विचारतो, “मामा, नेमकं झालं काय ते सांगा.”

मामा सांगतात. चालत्या गाडीत खड्ड्यात चाक आदळलं की स्पीडचा काटा झिरोवर, टेंपरेचरचा काटाही खाली. एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, स्टिअरिंगचा दिवा, सगळी दिवाळी. थोडं पुढं गेलं की आपोआप जाग्यावर. असं आठवडाभर चाललं. काल पिरनवाडीच्या फाट्याला सगळे दिवे लागले ते लागलेच. तशीच गाडी घरी नेली, बंद केली, आणि नंतर सेल्फ फिरतोय पण गाडी लागेना.

“म्हणजे दिवे लागले तरी इंजिन चालू हुतं नव्हं?”

“व्हय की. घरापातुर आलीच की.”

“मग इसीएम मेला कसा?”

(दृश्य : डॅशबोर्डखालचा सोळा पिनांचा सॉकेट. गाडीतल्या डब्यांच्या नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरचा कप्लर त्यात बसतो.)

या प्रश्नात अर्धं निदान आहे. इंजिनमध्ये डिझेल किती आणि कधी सोडायचं हे इसीएम ठरवतो. तो मेला असता तर गाडी पिरनवाडीतच थांबली असती. तो शेवटपर्यंत काम करत होता, फक्त त्याचं बोलणं बाकीच्यांपर्यंत पोचत नव्हतं. आणि बंद केल्यावर गाडी लागली नाही, कारण चावी खरी आहे की खोटी याची विचारपूस सुरू होतानाच होते, आणि ती त्याच तारांवरून होते. उत्तर आलं नाही की इसीएम डिझेल सोडत नाही.

कोणत्या तारा?

जुन्या गाडीत प्रत्येक कामाला स्वतंत्र वायर असायची. इलेक्ट्रॉनिक डबे वाढत गेले तशी वायरिंगची मोळी जाड होत गेली. बॉश या जर्मन कंपनीनं त्यावर उपाय काढला आणि १९८६ साली तो जाहीर केला : कंट्रोलर एरिया नेटवर्क, गॅरेजच्या भाषेत कॅन. दोन तारा एकमेकींना पीळ देऊन गाडीभर फिरवायच्या आणि सगळे डबे त्यांनाच जोडायचे. १९९१ ची मर्सिडीज एस-क्लास ही हे तंत्र वापरणाऱ्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक. आपल्याकडं १ एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं, १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले, आणि खानापूरच्या बाजारात भाजी घेऊन येणाऱ्या साध्या गाडीतही चार-सहा डबे एकमेकांशी बोलू लागले.

बोलतात म्हणजे काय करतात? इसीएम दर काही मिलिसेकंदांनी तारेवर सांगत असतो : इंजिनचे फेरे इतके, पाणी इतकं तापलंय. एबीएसचा डबा चाकांचा वेग सांगतो. ज्याला जे हवं ते त्यानं उचलावं. मीटरचा काटा स्वतः काहीच मोजत नाही, ऐकलेलं दाखवतो. मुख्य तारांवर हा वेग बहुतेक गाड्यांत सेकंदाला पाच लाख बिटांचा असतो. दोघं एकदम बोलू लागले तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान, तो पुढं जातो आणि दुसरा मुकाट थांबतो. या शिस्तीचं मला स्वतःला फार कौतुक आहे. आपल्या कुठल्याही मीटिंगमध्ये ती दिसत नाही.

ठरल्या वेळेत एखाद्याचा आवाज आला नाही, की ऐकणारा डबा आपल्या वहीत नोंद करतो. हाच तो ‘यू’नं सुरू होणारा कोड. यू०१०० म्हणजे इंजिनच्या इसीएमशी संपर्क तुटला. यू०१२१ म्हणजे एबीएसशी तुटला. यू०१४० म्हणजे बॉडी कंट्रोलशी, म्हणजे दिवे, लॉक सांभाळणाऱ्या डब्याशी.

(दृश्य : स्कॅनरचा पडदा. लाल अक्षरांत कोड.)

गोंधळ होतो तो इथं. पडद्यावर इसीएमचं नाव लाल अक्षरांत येतं आणि वाचणारा इसीएमच्या नावानं एस्टिमेट फाडतो. पण कोड लिहिणारा वेगळा आहे. त्यानं एवढंच लिहिलंय, की मला अमक्याचा आवाज येत नाही. कणकुंबीची बस आली नाही म्हणून ड्रायव्हर आजारी आहे असं कसं म्हणायचं? पुलावर पाणी असेल.

मिस्त्रीच्या हाताखालचा पोऱ्या एका पुठ्ठ्यावर पेनानं रकाने आखतो. स्कॅनरला उत्तर देतात ते : डॅशबोर्डचा मीटर, बॉडी कंट्रोल, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग. उत्तर देत नाहीत ते : इसीएम आणि एबीएस. उत्तर देणाऱ्यांच्या वहीत यू०१०० आणि यू०१२१ या दोन नोंदी. एकमेकांबद्दल कोणाचीच तक्रार नाही.

दोन डबे एकाच वेळी मरत नाहीत, निदान सहसा नाही. मग या दोघांत समान काय? दोघंही बोनेटखाली आहेत. बाकी सगळे, आणि स्कॅनरचा सॉकेटही, केबिनमध्ये. म्हणजे तुटलंय ते या दोन गटांच्या मधे कुठंतरी. अजून एकही स्क्रू काढलेला नाही.

सॉकेटमध्ये बसवून फोनवर कोड दाखवणाऱ्या स्वस्तातल्या ब्लूटूथ डोंगलनं हे कळत नाही. तो बहुतेक वेळा इंजिनपुरतंच वाचतो, आणि इंजिनच बोलत नसलं की ‘कनेक्ट होत नाही’ म्हणून मोकळा होतो. सगळे डबे एकेक करून विचारणारा स्कॅनर लागतो.

(दृश्य : बोनेट उघडं. फ्यूज बॉक्स. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढणारे हात.)

दोन्ही डब्यांचे फ्यूज आणि अर्थिंग आधी तपासून घेतलं. सप्लाय नसेल तरी डबा गप्पच बसतो, आणि गंजलेला अर्थिंगचा बोल्ट हा या धंद्यातला नेहमीचा गुन्हेगार. इथं दोन्ही ठीक निघाले.

आता मीटर. तेच साधं मल्टिमीटर, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं ते. बॅटरीचा निगेटिव्ह काढलाय, कारण तारांत करंट असताना ओहम (म्हणजे रेझिस्टन्स) मोजले तर आकडा खोटा येतो. कॅनच्या दोन तारांपैकी एक कॅन-हाय, ती सॉकेटमधल्या सहा नंबरच्या पिनेवर, आणि दुसरी कॅन-लो, ती चौदा नंबरच्या. दोन्हींवर प्रोब टेकवल्या.

(दृश्य : मीटरचा पडदा जवळून. १२१.)

एकशे एकवीस. यायला हवेत साठ.

या दोन तारांच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे दोन रेझिस्टन्स बसवलेले असतात. टोकाला पोचलेला सिग्नल उलटा फिरून गोंधळ घालू नये म्हणून. ते समांतर असतात, म्हणून दोन्ही जोडलेले असले की मीटरला निम्मे, म्हणजे साठ दिसतात. एकच दिसत असेल तर एकशेवीस. तारा एकमेकींना चिकटल्या तर जवळजवळ शून्य. या गाडीत एक रेझिस्टन्स बॉडी कंट्रोलमध्ये आहे आणि दुसरा इसीएममध्ये. इसीएमकडचा दिसत नाही. पुठ्ठ्यावर जे निघालं तेच मीटर सांगतोय.

काही नव्या गाड्यांत मात्र सॉकेट आणि आतल्या तारांच्या मधे गेटवेचा डबा असतो, आणि सहा-चौदावर मोजलं तरी आतल्या तारांचं काहीच कळत नाही. तिथं वायरिंगचा नकाशा बघून आत शिरावं लागतं.

पोऱ्यानं प्रोब धरून ठेवल्या. मिस्त्री डाव्या सीटसमोर, जिथं पाय ठेवतो तिथं वाकला. बाजूचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं. आत बोटभर जाड हार्नेस, म्हणजे वायरींची मोळी, आणि एक पांढरा कप्लर. बोनेटकडून आलेली वायरिंग इथं केबिनच्या वायरिंगला मिळते. त्यानं हार्नेस हळूच वर ढकलला.

“साठ!” पोऱ्या ओरडला. “गेलं. एकशेवीस. साठ. एकशेवीस.”

(दृश्य : कप्लर उघडलेला. प्रकाशात हिरवी पिन.)

सापडलं. कप्लरमधल्या दोन पिनांवर हिरवा कळंक चढलाय. कॅन-लोची पिन तर इतकी खाल्लीय, की खड्ड्यात गाडी हलली की टेकायची, पुन्हा हलली की सुटायची. काल सुटली ती सुटलीच. खालची फ्लोअर मॅट दाबली तर पाणी वर येतंय. वरून नवी, जाड, शिवलेली मॅट आहे, त्यामुळं खालचं गालिच्याचं कापड ओलं आहे हे मामांना कळायचं कारणच नव्हतं.

इथं बरेच जण पिनांवर स्प्रे मारतात आणि गाडी देऊन टाकतात. महिनाभर चालते. कळंक खाल्लेल्या पिनेची पकड गेलेली असते, ती स्प्रेनं परत येत नाही. मिस्त्रीनं दोन्ही बाजूंच्या पिना बदलल्या. थोडी वायर मागं हिरवी पडली होती, तेवढी कापून नवा तुकडा सॉल्डर केला, हीट श्रिंक नळी चढवली. दोन तारांचे जोड शेजारी-शेजारी न घेता पुढं-मागं घेतले आणि पीळ होता तसा परत दिला. हा पीळ दिसायला बारीक गोष्ट. पण बाहेरचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांना सारखाच लागावा, म्हणजे तो आपोआप वजा होतो, यासाठी तो आहे. ऐकणारा डबा दोन तारांतला फरकच वाचतो. शांत असताना दोन्हींवर अडीच-अडीच व्होल्ट. संदेश जाताना एक साडेतीनला चढते, दुसरी दीडला उतरते.

जुन्या वायरमन लोकांची एक सवय या तारांना फार महागात पडते. टेस्ट लॅम्पची सुई वायरच्या कव्हरात टोचून करंट बघायचा. दिव्याच्या व्हायरिंगला ते चालून गेलं. कॅनच्या तारेवर बल्ब लावला तर बोलणंच बंद पडतं, आणि सुईच्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं. रिमोट लॉक, ट्रॅकर, कॅमेरा बसवताना दिसेल त्या तारेत जोड मारणाऱ्यांबद्दल मिस्त्रीची मतं कॅमेऱ्यापुढं सांगण्यासारखी नाहीत.

(दृश्य : मीटरवर ६०.३. बॅटरी जोडली जाते. चावी फिरते. इंजिन लागतं.)

गाडी लागली, पण काम संपलेलं नाही. सगळ्या डब्यांतले जुने कोड पुसले. मच्छेपर्यंत खड्डे बघूनबघून एक फेरी मारली. येऊन परत स्कॅन केलं. सहाही डब्यांनी उत्तर दिलं, नोंद कुणाकडंच नाही.

राहिला प्रश्न पाण्याचा. ते कप्लरपर्यंत आलं कुठून? मिस्त्रीनं वायपरखालची जाळी उचलली. आत कुजलेल्या पानांचा लगदा. काचेवरून आलेलं पाणी खाली जायचं भोक त्यानं बुजलेलं. पाणी तुंबून ब्लोअरच्या तोंडातून केबिनमध्ये उतरत होतं. जांबोटीच्या पावसात ते किती उतरलं असेल याचा हिशोब नको.

“फणसाखाली लावता काय गाडी?”

“दारातच हाय झाड. मग काय, झाड तोडू?”

“झाड कशाला तोडताय? गाडी चार हात पुढं लावा. आणि गणपती होईपातुर दर आठवड्याला ही जाळी उघडून पानं काढा.”

बिल झालं. पार्टच्या रकान्यात चार पिना आणि वीतभर वायर. मामांनी तो रकाना दोनदा वाचला, मग मजुरीचा आकडा बघून म्हणाले, “चार पिनांना एवढे?”

“पिनांचे चाळीस. बाकीचे, कुठल्या चार ते शोधल्याचे.”

मामांनी पैसे काढले, वीस रुपये कमी करून घेतलेच.