विल्सन कॉलेजच्या संस्थापकाची पत्रं वाचताना

मंडळी, चौपाटीसमोरची विल्सन कॉलेजची इमारत 1889ची. डॉ. जॉन विल्सन यांनी ती पाहिली नाही. 1 डिसेंबर 1875 रोजी ते मुंबईतच वारले. त्यांनी 1832 साली काढलेली शाळा हे या कॉलेजचं मूळ. या स्कॉटिश प्रेसबिटेरियन मिशनऱ्याचे ग्रंथ अभ्यासक वाचतात, पत्रं मात्र फक्त अवतरणांपुरती चाळतात. पत्रांवर हा अन्याय आहे. ती नीट वाचायची तर आधी त्या काळचं टपाल समजून घ्यायला हवं.

विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट फेब्रुवारी 1829 मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा टपाल आफ्रिकेला वळसा घालून जायचं. एका खेपेला चार ते सहा महिने लागत, म्हणजे उत्तर हाती पडायला वर्ष सरत आलेलं असे. मुंबईतच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च 1830 मध्ये निघून महिन्याभरात सुएझला पोचली खरी, पण सुरुवातीला तिच्या फेऱ्या अगदी मोजक्या असत आणि कोळशाचे साठे वाटेत आधी पोचवावे लागत. बाकीचं टपाल जुन्याच वाटेने जाई. त्यामुळे 1830 नंतरच्या दशकात मागाहून लिहिलेलं पत्र आधी पोचू शकतं. केवळ तारखेच्या क्रमाने पत्रं लावून ‘हे त्याचं उत्तर’ असं ठरवलं, तर हमखास फसगत होते. प्रत्येक पत्राच्या चार नोंदी करा: लिहिल्याची तारीख, टपालाचे शिक्के, पत्र मिळाल्याची मागच्या बाजूची टीप आणि मजकुरात उल्लेखलेल्या आधीच्या पत्राची तारीख. ही चौथी नोंद सर्वांत भरवशाची.

1835 हे साल बघा. मार्चमध्ये विल्सन गिरनारला होते. तिथल्या शिलालेखाची त्यांच्यासाठी कॅप्टन लँग यांनी घेतलेली नक्कल पुढे मुंबई सरकारचे सचिव वॉथेन यांच्यामार्फत कलकत्त्याला ब्राह्मी लिपीचे वाचक जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेली आणि अशोकाच्या लेखांच्या वाचनात कामी आली. एप्रिलमध्ये मार्गारेट वारल्या. ही बातमी स्कॉटलंडला पोचेपर्यंत तिथून निघालेली पत्रं त्यांच्याच नावावर येणार, हे उघड आहे. अशा पत्रातला आनंदी सूर बघून ‘घरच्यांना दुःख नव्हतं’ असा अर्थ काढू नका.

आता प्रत्यक्ष कागद. ब्रिटनमध्ये 1840पर्यंत टपालखर्च कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरे, आणि पाकीट म्हणजे आणखी एक कागद. म्हणून मोठा ताव घडी घालून, बाहेरच्या बाजूवर पत्ता लिहून लाखेने बंद करत. उघडताना लाखेखालचा तुकडा फाटतो, म्हणूनच नेमक्या त्याच जागी दोन-चार शब्द गायब असतात. तो तुकडा पुष्कळदा समोरच्या घडीवर लाखेला चिकटून राहिलेला असतो. लाख खरवडली की शब्द कायमचे गेले. जागा वाचवायला लोक लिहिलेलं पान आडवं फिरवून त्यावरच पुन्हा लिहीत. अशा पानावर उजेड एका बाजूने तिरका घ्या, एक दिशा पुरी वाचून काढा, मगच दुसरी. जुन्या शाईतलं लोहक्षार आणि आम्ल कागद खातात. दाट ओळी असलेलं पान घडीवर मोडतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा उघडू-मिटू नये.

कार्यालयीन पत्रव्यवहार तर तीन वाटांनी विखुरला. आधी स्कॉटिश मिशनरी सोसायटी, 1835 पासून चर्च ऑफ स्कॉटलंड, आणि 1843 मध्ये त्यात फूट पडल्यावर वेगळं निघालेलं फ्री चर्च. विल्सन फ्री चर्चबरोबर गेले, त्यामुळे 1843 नंतर एकाच दप्तरात शोधत बसलात तर पत्रव्यवहार तुटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात पत्ता बदललेला असतो. घरगुती पत्रं याहून वेगळी, ती नातलगांकडे गेली.

छापील पत्रांबाबत जास्त सावध राहा. मार्गारेटच्या पत्रांचे उतारे असलेलं त्यांचं चरित्र खुद्द विल्सन यांनी 1838 मध्ये प्रसिद्ध केलं, तर विल्सन यांचं चरित्र जॉर्ज स्मिथ यांनी 1878 मध्ये लिहिलं. पहिलं पतीने, दुसरं चाहत्याने केलेलं. अशा छापील मजकुरात गाळलेल्या ओळी, नुसती आद्याक्षरं आणि बदललेली विरामचिन्हं गृहीत धरूनच चालावं, आणि मूळ पत्र मिळत असेल तर ओळीओळीने ताडून पाहावं. गावांच्या नावांतही घोळ होतो: विल्सन जिथे सुरुवातीला मराठी शिकले ती हर्णै आणि बाणकोट तिथे ‘हर्नी’, ‘बँकूट’ अशा रूपांत येतात, त्यामुळे सूचीत ‘हर्णै’ शोधून काही सापडणार नाही.