मास्कच्या कडेखालची त्वचा

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी सुरू होत आहे. ओतीव भागांना चिकटलेली वाळू झाडून, ग्राइंडरवर त्यांच्या कडा साफ करणाऱ्या कामगारांच्या तोंडावर मास्क आहेत. २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यातली मास्कसक्ती उठली आणि कोल्हापूर शहराने मोकळा श्वास घेतला. फौंड्रीतल्या, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यातल्या, या माणसांना मात्र मास्क उतरवून चालत नाही, कारण वाळूतील सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही.

पाळी सुटल्यावर मास्क निघतो, तेव्हा नाकाच्या हाडावर लाल वळ आणि हनुवटीभोवती पुरळ दिसते. ही तक्रार किरकोळ समजली जाते, हे चुकीचे आहे. आग सहन होईनाशी झाली की माणूस मास्क खाली ओढतो आणि धुळीची वाट मोकळी होते.

श्वासाची वाफ आणि घाम आत कोंडल्याने त्वचा सतत ओली राहते, मऊ पडते, आणि अशा त्वचेवर मास्कची कड तासन्‌तास घासली गेली की तिचा वरचा संरक्षक थर झिजतो. छिद्रे बुजून मुरमेही येतात. भट्टीजवळच्या उष्णतेत आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत हा त्रास अधिक वाढतो.

म्हणून काळजी घरूनच सुरू व्हावी. चेहरा सौम्य साबणाने धुवावा. हाताचे ग्रीस काढायची पावडर तोंडाला कधीही लावू नये. मास्क चढवण्याच्या अर्धा तास आधी हलके, बिनसुगंधी मॉइश्चरायझर लावावे, म्हणजे ते त्वचेत जिरते. व्हॅसलिनचा जाड थर कडेखाली नको, कारण त्यावरून मास्क सरकतो आणि फटीतून धूळ शिरते. दाढीच्या खुंटांमुळेही तशीच फट राहते, त्यामुळे दाढी रोज करावी लागते. ती कोरडी न करता, भरपूर फेस लावून, केसांच्या दिशेने करावी. ओला झालेला डिस्पोजेबल मास्क बदलावा, तर रबरी मास्कचे फिल्टर काढून त्याची कड रोज धुऊन पूर्ण वाळवावी. दर चार तासांनी, धुळीपासून दूर, पंधरा मिनिटे चेहरा मोकळा ठेवण्याची सवड कारखान्याने द्यायला हवी.

सर्वांत जास्त नुकसान होते ते औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या ट्यूबमुळे. अशा अनेक क्रीममध्ये तीव्र स्टिरॉइड असते. दोन दिवस लाली उतरते, पण वापर लांबला तर त्वचा पातळ होते आणि पुरळ अधिक जोमाने उठते. त्याऐवजी कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. पुरळ नेमके पट्ट्याच्या किंवा कडेच्या रेषेतच उठत असेल, तर रबरातील रसायनाची अॅलर्जी असू शकते, आणि पॅच टेस्टमध्ये, म्हणजे संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून केलेल्या तपासणीत, ती उघड झाल्यास त्या कामगाराला सिलिकॉनच्या कडेचा, चेहऱ्यावर नीट बसणारा मास्क कारखान्याने स्वतःच्या खर्चाने आणून द्यावा.