पाकिटावरचा मजकूर

नमस्कार, श्रोतेहो.

मोबाइलवर तुम्ही एखादं संकेतस्थळ उघडता, तेव्हा सर्व्हर नुसतं पान पाठवत नाही. पानाच्या आधी तो काही ओळी पाठवतो. त्या तुम्हाला दिसत नाहीत, ब्राउझर त्या वाचतो. पत्र आत आणि सूचना पाकिटावर, तसाच हा प्रकार. ‘हे पान साठवून ठेवू नकोस’, ‘हे दुसऱ्या कुणाच्या चौकटीत दाखवू नकोस’, ‘यापुढे माझ्याकडे सुरक्षित वाटेनंच ये’. या ओळींना हेडर म्हणतात. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, ते नियम म्हणजे एचटीटीपी. १९९१ सालच्या पहिल्या एचटीटीपीत त्या नव्हत्याच. सर्व्हर थेट पान पाठवून मोकळा व्हायचा. १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चा दस्तऐवज प्रसिद्ध झाला तोवर पाकीट आलेलं होतं.

पाकिटावर काय लिहायचं, हे सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ठरतं. ही फाइल सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यातली माझी एक फजिती आज सांगतो.

एका संस्थेचं संकेतस्थळ माझ्याकडे होतं. सर्व्हर एन्जिनएक्स, म्हणजे पानं पाठवणारा एक प्रोग्राम. फाइलच्या वरच्या भागात, म्हणजे सर्व्हर ब्लॉकमध्ये, सुरक्षेचे तीन हेडर मी ‘ॲड हेडर’ या आज्ञेनं नीट लिहिले होते. ते खालच्या सगळ्या लोकेशन ब्लॉकना, म्हणजे एकेका पत्त्यासाठी लिहिलेल्या भागांना, आपोआप लागू होतात. पुढे कुणीतरी म्हणालं, लॉगिनचं पान ब्राउझरनं साठवू नये. बरोबरच होतं. मी लॉगिनच्या ब्लॉकमध्ये एकच ओळ घातली: कॅश-कंट्रोल, नो-स्टोअर. फाइल तपासून घेतली. एन्जिनएक्स म्हणाला, सिंटॅक्स, म्हणजे लिहिण्याची पद्धत, ठीक आहे. मीही निर्धास्त.

काही आठवड्यांनी सहज पाहिलं, तर लॉगिनच्या पानावर ते तीन हेडर नव्हतेच. बाकी सगळीकडे होते.

गंमत अशी की एन्जिनएक्समधला वारसा फार कडक असतो. मुलानं स्वतःच्या कमाईची एक वाटी जरी घरात आणली, तरी बापाकडून आलेली सगळी भांडी गेली! वेगळं काही सांगितलं नसेल, तर ब्लॉकमध्ये स्वतःचा एकही ‘ॲड हेडर’ नसेल, तरच वरचे हेडर खाली उतरतात. एक लिहिला की वरचे सगळे रद्द. चूक झाली असं कुठेही लिहून येत नाही, सर्व्हरच्या नोंदवहीत, लॉगमध्येसुद्धा नाही. आणि गेले कुठून, तर लॉगिनच्या पानावरून! तुमचं पान अदृश्य चौकटीत घालून लोकांकडून भलत्याच जागी क्लिक करून घेण्याची एक युक्ती आहे. ती रोखणारा एक्स-फ्रेम-ऑप्शन्स हा हेडरही त्या तिनांत होता. चावी जिथे फिरते, नेमकं तेच दार मी उघडं ठेवलं होतं.

उपाय साधा आहे. ते तीन हेडर वेगळ्या फाइलीत लिहायचे आणि ज्या ब्लॉकमध्ये आपला स्वतःचा हेडर आहे, तिथे ती फाइल ‘इन्क्लूड’ करायची. दिसायला पुनरावृत्ती, पण मी आता तसंच करतो.

दुसरी खोच. सर्व्हर प्रत्येक उत्तरावर एक आकडा घालतो आणि हा ‘ॲड हेडर’ ठरावीक आकड्यांच्या उत्तरांनाच लागतो: २००, ३०१, ३०४ अशांना. ४०४, म्हणजे ‘असं पान नाही’, किंवा ५००, म्हणजे ‘सर्व्हरच बिघडला’, आलं की पाकीट कोरं. तिथेही हवा असेल, तर ओळीच्या शेवटी ‘ऑलवेज’ लिहावं लागतं. अपाची या दुसऱ्या सर्व्हर प्रोग्राममध्येही ‘ऑलवेज’ आहे, पण त्याचा हिशेब निराळा. तिथे हेडरच्या दोन याद्या असतात. एका यादीतून हेडर काढला, तरी दुसरीतला तसाच राहतो, आणि कधीकधी एकच हेडर दोनदा जातो. अपाचीवरून एन्जिनएक्सवर किंवा उलट जाणाऱ्यानं हा शब्द ओळखीचा वाटला म्हणून भुलू नये.

एका हेडरला मात्र मी अजूनही घाबरतो: स्ट्रिक्ट-ट्रान्सपोर्ट-सिक्युरिटी, म्हणजे ती ‘सुरक्षित वाटेनंच ये’ ही सूचना. त्याला सेकंदांत मुदत द्यायची असते. लोक नेटवरून उचलून ३१५३६००० घालतात, म्हणजे अख्खं वर्ष. मग ज्यानं एकदा ते पान उघडलं, त्याचा ब्राउझर वर्षभर सुरक्षित जोडणीशिवाय तिथे जाणारच नाही. सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपली, तर ‘तरीही पुढे जा’ ही पळवाटही बंद. फाइलीतली ओळ पुसून उपयोग नाही, कारण शब्द आधीच लोकांच्या ब्राउझरमध्ये जाऊन बसलेला असतो. तो मागे घ्यायचा, तर मुदत शून्य करून तोच हेडर पुन्हा पाठवावा लागतो, आणि तोही सुरक्षित जोडणीवरूनच. म्हणून मी पाच मिनिटांपासून सुरुवात करतो. ३०० सेकंद. मग दिवस, मग आठवडा.

आता फाइल बदलली की मी टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘कर्ल, डॅश, कॅपिटल आय’ ही नुसते हेडर दाखवणारी आज्ञा लिहून तीन पत्ते तपासतो: मुख्य पान, लॉगिनचं पान आणि एक मुद्दाम चुकवलेला पत्ता. तिसऱ्या पत्त्याला सहकारी हसतात. गेल्या खेपेला कोरं पाकीट त्याच पत्त्यावरून आलं.