माल्टातलं सावलीचं रान

श्रोतेहो, नमस्कार. माल्टाला सुट्टीसाठी जाणारी मंडळी समुद्रात डुंबतात, राजधानी व्हॅलेट्टाची तटबंदी बघतात आणि परततात. आज आपण बेटाच्या आत शिरू, बुस्केटच्या रानात. महिना सप्टेंबरचा.

भूमध्य समुद्रातला हा देश सगळा मिळून ३१६ चौरस किलोमीटर. नदी नाही, जिकडेतिकडे चुनखडीचा खडक. झाडी म्हणजे इथे चैनच. राबात गाव सोडलं की दोन्ही बाजूंना दगडी गडगे, उन्हानं करपलेली शेतं, आणि मग अचानक पाइनची दाट सावली. सकाळी लवकर पोचा, दुपारचं ऊन सोसत नाही.

हे रान माणसांनी राखलेलं आहे. १५३० साली सम्राट पाचव्या चार्ल्सनं सेंट जॉनच्या सरदारांना, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या संघाला, माल्टा दिलं, मोबदला म्हणून वर्षाला एक ससाणा. या सरदारांना शिकारीचा भारी षोक, त्यांनी इथे शिकारीसाठी झाडं जोपासली. वरच्या टेकाडावर १५८६ साली त्यांच्या प्रमुखानं, वेर्दालनं, वाडा बांधला. आता तो राष्ट्राध्यक्षांचं उन्हाळी निवासस्थान आहे, त्यामुळे तो बाहेरूनच बघावा.

खरी मजा खालच्या घळीत. पाइन, सदाहरित ओक, ऑलिव्ह. उताराच्या पायऱ्यांवर संत्र्यांच्या बागा. पायाखाली पाइनच्या वाळलेल्या सुया करकरतात. कॅरोबच्या झाडाखाली जरा थांबा. चिंचेसारख्या, पण गडद तपकिरी चपट्या शेंगा खाली पडलेल्या असतात. एखादी मोडून चघळा: गोडसर, आत टणक बिया. त्या मात्र दाताखाली घेऊ नका!

ऊन चढायच्या आत जवळच्याच खडकाळ माळावर जाऊन या. तिथे खडकात जोडीजोडीनं खोल चाकोऱ्या कोरल्यासारख्या दिसतात. त्या कुणी, कधी पाडल्या, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. शेजारच्या आर इल-क्बीर गुहेत एकोणिसाव्या शतकापर्यंत माणसं राहत होती.

चारच्या सुमाराला मात्र रानात परत या. युरोपातून आफ्रिकेकडे निघालेले शिकारी पक्षी उन्हानं तापून वर चढणाऱ्या हवेवर तरंगत जातात. समुद्रावर तशी हवा मिळत नाही, पंख मारून दमछाक होते. मग संध्याकाळी ते या झाडांवर उतरतात. त्यात मोहोळ घार प्रमुख. आपल्याकडच्या मोहोळ घारीची ही युरोपीय बहीण, गांधीलमाश्यांच्या पोळ्यांतल्या अळ्यांवर जगणारी. शिकारीसाठी राखलेलं रान आज पक्ष्यांचा निवारा झालंय. पण आसपासच्या शेतांतून बंदुकीचे बार ऐकू येतात, आणि मला ते नकोसे वाटतात. २०१५ साली वसंतातल्या शिकारीवर सार्वमत झालं, तेव्हा कौल शिकारीच्या बाजूनं लागला, तोही अगदी काठावर. या दिवसांत पक्षिप्रेमी स्वयंसेवक दुर्बिणी घेऊन पहारा देतात. त्यांच्याजवळ उभं राहा, तेच बोट करून दाखवतात.

एवढी शांतता नको असेल तर जूनअखेर जा. २८ तारखेच्या रात्री इम्नार्याचा सण याच झाडांखाली भरतो. लोकगीतं, वाइन आणि सशाचं मटण, पहाटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी राबातजवळ खोगिराविना घोड्यांच्या आणि गाढवांच्या शर्यती. गर्दीची तयारी ठेवा, आणि पाण्याची बाटली आठवणीनं घ्या.