डिझेल तपासणीला कधी घ्यायचं?

नमस्कार, श्रोतेहो.

शेकडो मेगावॉट वीज तयार करणाऱ्या अणुवीज केंद्राला डिझेल जनरेटर कशाला लागतो, असा प्रश्न अनेकांना पडतो. अणुभट्टीतली साखळी प्रक्रिया काही सेकंदांत थांबवता येते. पण इंधनात तयार झालेले किरणोत्सारी पदार्थ त्यानंतरही उष्णता देतच राहतात. १००० मेगावॉट विजेच्या केंद्रात भट्टीची उष्णता साधारण ३००० मेगावॉट धरा. भट्टी बंद झाल्या क्षणी त्यातली सहा-सात टक्के, म्हणजे २०० मेगावॉटच्या आसपास उष्णता शिल्लक असते. तासाभरात ती दीड टक्क्यावर येते, दिवसभरानंतर अर्ध्या टक्क्यावर. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण तेही झाले १५ मेगावॉट, आणि ते बंद करायला बटण नाही. पंपांनी पाणी फिरवत राहायचं, एवढाच उपाय. भट्टी बंद म्हणजे केंद्राची स्वतःची वीज बंद. त्याच वेळी बाहेरची लाइनही गेली, तर मोठे पंप चालवायला उरतात ते डिझेल जनरेटर, केंद्राच्या बोलीत नुसती 'डिझेल'.

हे इंजिन लहानसहान नसतं. चार ते सात मेगावॉटचा जनरेटर फिरवणारं, आगगाडीच्या इंजिनापेक्षाही मोठं धूड. वीज गेल्यापासून साधारण १० सेकंदांत त्याने पूर्ण वेग आणि पूर्ण व्होल्टेज गाठायचं, असा अनेक केंद्रांचा नियम असतो. त्यासाठी कुलिंगचं पाणी आणि वंगणाचं तेल चोवीस तास कोमट ठेवतात, आणि टाक्यांमध्ये दाबलेली हवा भरून ठेवतात. अमेरिकी पद्धतीत ही हवा कॉम्प्रेसर न लावता पाच वेळा स्टार्ट करायला पुरेल इतकी लागते.

एवढी तयारी असलेलं हे यंत्र बहुतेक आयुष्य नुसतं उभं असतं, आणि वेळापत्रकाचा सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. चालत्या यंत्राचं दुखणं आवाजावरून, धुरावरून, तापमानावरून कळतं. उभ्या यंत्राचं कळत नाही. एखादा रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, चिकटला, झडप अडकली, तर पुढच्या टेस्टपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. महिन्यातून एकदा टेस्ट घेतली, तर असा बिघाड सरासरी १५ दिवस लपून राहणार, हा सरळ हिशेब आहे.

मग रोज चालवून का पाहू नये? जवळपास तसंच करून झालंय. १९७७ मध्ये अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने मार्गदर्शक सूचना काढली होती, की टेस्टमध्ये डिझेल नापास होऊ लागलं की टेस्ट वाढवायच्या, अगदी दर तीन दिवसांपर्यंत. हेतू चांगला होता. पण प्रत्येक टेस्ट म्हणजे थंड इंजिन काही सेकंदांत पूर्ण वेगाला नेणं आणि लगेच भार टाकणं. बेअरिंगवर तेलाचा थर नीट चढायच्या आतच सगळा मार बसायचा. नापास झालेल्या यंत्राला जास्त टेस्ट, त्यातून जास्त झीज, त्यातून आणखी नापास. १९८४ मध्ये त्याच आयोगाने केंद्रांना पत्र पाठवून हे थंड, घाईचे स्टार्ट कमी करायला सांगितलं. माझ्या मते या क्षेत्रातला तो फार शहाणा निर्णय होता. आपल्याच तपासणीने यंत्र खराब होतंय, हे कबूल करायला नियामकाला सोपं जात नाही.

आज अमेरिकेत सर्वसाधारण रीत अशी आहे: दर ३१ दिवसांनी एकदा चालवून किमान तासभर जवळजवळ पूर्ण भार द्यायचा, पण सावकाश, तेल फिरवून घेऊन. १० सेकंदांची खरी परीक्षा सहा महिन्यांतून एकदा. सलग २४ तासांची धाव दीड-दोन वर्षांतून एकदा. ३१ दिवस म्हणजे एकतिसाव्या दिवशीच, असंही नाही. पाव हिस्सा सवलत असते, म्हणजे गरज पडली तर आठवडाभर पुढे ढकलता येतं. ही सवलत अडीअडचणीसाठी आहे. ती दर महिन्याला वापरणाऱ्या केंद्राच्या नियोजनाबद्दल मला तरी शंका येते.

महिन्याच्या टेस्टची सकाळ कशी असते, तेही सांगतो. ऑपरेटर आधी प्रत्येक सिलिंडरचा कॉक, म्हणजे छोटी तोटी, उघडतो आणि इंजिन हळूहळू फिरवून घेतो. कॉकमधून पाण्याचा थेंब जरी आला, तरी काम तिथेच थांबतं. पाणी दाबलं जात नाही. तसंच स्टार्ट दिलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनाजवळच्या इंधनाच्या छोट्या टाकीच्या ('डे टँक') तळाशीही पाणी साठलंय का ते बघतात. मग स्टार्ट, मग ग्रिडशी सिंक, म्हणजे ग्रिडच्या विजेशी ताल जुळवून जोडणी, मग टप्प्याटप्प्याने भार. तासभर प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टचं तापमान लॉगमध्ये उतरतं. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा थंड निघाला, तर त्याचा इंजेक्टर बघावा लागतो. कमी भारावर उगाच घरघर करत ठेवणं मात्र वाईट. अर्धवट जळलेलं इंधन आणि काजळी आत साचते. 'थोडा वेळ चालवून ठेवू' हा प्रेमळ विचार म्हणूनच यंत्राच्या मुळावर येतो.

टेस्टचा सगळ्यात नाजूक भाग टेस्ट संपल्यावर येतो. हवेच्या टाक्या पुन्हा भरल्या का, कॉक बंद झाले का, निवडीचा स्विच 'लोकल'वरून (जागेवर हाताने चालवणं) परत 'ऑटो'वर (आपोआप सुरू होणं) आला का. स्विच चुकून तसाच राहिला, तर टेस्टमध्ये उत्तम पास झालेलं डिझेल गरजेच्या वेळी ढिम्म हलणार नाही. म्हणून एकाने केलेलं काम दुसरा माणूस स्वतंत्रपणे जाऊन बघतो आणि मगच सही होते.

ही झाली टेस्ट. मोठी देखभाल करायची तर यंत्र उघडावंच लागतं, आणि तेवढा काळ ते नसल्यासारखंच असतं. भट्टी चालू असताना एक डिझेल किती वेळ सेवेबाहेर ठेवता येतं, याला मर्यादा आहे. अमेरिकेत मूळ मुदत ७२ तासांची. काही केंद्रांना अटी घालून १४ दिवसांपर्यंत परवानगी मिळाली आहे. कुणी म्हणेल, भट्टी इंधन बदलायला बंद असते तेव्हाच सगळी कामं उरका. वरवर पटतं. पण जॉर्जिया राज्यातल्या व्होगल केंद्रात २० मार्च १९९० रोजी काय झालं, ते ऐका.

पहिली भट्टी इंधन बदलण्यासाठी बंद होती. दोनपैकी एक डिझेल ओव्हरहॉलसाठी उघडलेलं. बाहेरून वीज आणणाऱ्या दोन ट्रान्सफॉर्मरपैकी एक देखभालीत. भट्टीतल्या पाण्याची पातळी कामासाठी खाली आणलेली. यातलं प्रत्येक काम नियमात बसत होतं. तेवढ्यात स्विचयार्डात, म्हणजे बाहेरच्या लाइन केंद्राला जोडतात त्या आवारात, मागे येणारा एक ट्रक उरलेल्या लाइनच्या खांबावर आदळला. बाहेरची वीज गेली. शिल्लक डिझेल सुरू झालं आणि दीड मिनिटाच्या आतच ट्रिप झालं, म्हणजे संरक्षक यंत्रणेने ते आपोआप बंद केलं. दुसऱ्यांदाही ट्रिप. शेवटी संरक्षक ट्रिप बाजूला ठेवून आणीबाणीचा स्टार्ट दिला, तेव्हा ते टिकलं. एकूण ३६ मिनिटं गेली आणि पाणी सुमारे ३२ अंशांवरून ५८ अंश सेल्सिअसवर पोहोचलं. इंधनाला धक्का लागला नाही. पण चारही गोष्टी एकाच आठवड्यात मांडणारं वेळापत्रक कुणीतरी टेबलावर बसून बनवलं होतं, आणि कागदावर त्यात खोट नव्हती.

म्हणून आता नियोजकाला सुटं काम बघून चालत नाही. डिझेल एक बाहेर असेल, तर दुसऱ्या बाजूच्या पंपाला, बॅटरीला, ब्रेकरला त्या दिवसांत हात लावायचा नाही. स्विचयार्डात गाडी नेण्यावर बंदी. कुठलं काम कुठल्या कामासोबत आलं तर धोका किती वाढतो, याचं गणित आधी मांडायचं. दोन डिझेलच्या टेस्टही एकाच दिवशी घेत नाहीत, अंतर ठेवून घेतात. एकाच माणसाने, एकाच चुकीच्या पद्धतीने, एकाच सकाळी दोन्ही यंत्रं बिघडवू नयेत. शिवाय पहिल्यात दोष सापडला, तर दुसऱ्यातही तोच आहे का, हे बघायला सवड मिळते.

यंत्र चांगलं म्हणजे व्यवस्था चांगली, असंही धरता येत नाही. स्वीडनच्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात २५ जुलै २००६ रोजी चारही डिझेल सुरू झाली, पण त्यातली दोन डिझेल पंपांना वीज देणाऱ्या वाहिनीला ('बस') जोडलीच गेली नाहीत. त्यांच्या वेगाचा सिग्नल ज्या यूपीएसवर अवलंबून होता, तेच व्होल्टेजच्या झटक्याने बंद पडले होते. महिन्याची टेस्ट इंजिन तपासते, हा धागा तपासत नाही. त्यासाठी इंधन बदलाच्या काळात पुरवठा मुद्दाम तोडून, पहिल्या सिग्नलपासून शेवटच्या पंपापर्यंत सगळी साखळी चालवून बघावी लागते. खर्चिक, वेळखाऊ आणि कुणालाच न आवडणारी टेस्ट, पण माझं मत विचाराल तर सगळ्यांत मोलाची.

आता समजा, असं सगळं जुळवून सोमवारी सकाळी डिझेल उघडायचं ठरलं. सुटे भाग आलेत, माणसं आलीत, परमिट तयार आहे. आणि रविवारी रात्री हवामान खात्याने वादळाचा इशारा दिला, किंवा ग्रिडच्या नियंत्रण कक्षाने फोनवर सांगितलं की उद्या एक लाइन बंद राहील. अशा वेळी काम पुढे ढकलायचं. अनेक केंद्रांत प्रत्येक यंत्राच्या देखभालीची पाळी बारा-तेरा आठवड्यांनी फिरून येते, म्हणजे पुढची संधी तीन महिन्यांनी. बोलावलेली माणसं परत जाणार, वरिष्ठ विचारणार. तरीही पुढे ढकलायचं, आणि तोवर ते डिझेल जसं आहे तसं, 'ऑटो'वर.

नमस्कार.