सड्यावरची चौकट

(धुकं. पावसाचा आवाज. जांभ्या खडकावरून वाहणारी पाण्याची पातळ धार. त्यात एक हात.)

साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगरमाथ्यावरचा हा एक सडा, म्हणजे जांभ्या खडकाचं सपाट पठार. नाव मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की पुढच्या रविवारी गाड्यांची रांग लागते, आणि इथलं सगळं चार बोटं मातीवर उभं आहे.

श्रावणातली सकाळ. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, गळ्यात सुतळीला बांधलेली पेन्सिल, आणि समोर जमिनीवर एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट. प्लंबरकडे मिळतात त्याच पाइपांची केलेली. फील्डवरची मंडळी तिला क्वाड्रॅट म्हणतात. एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी उकिडवी बसून चौकटीतली रोपं मोजते आहे. कॅमेऱ्यासमोर नाव नको, म्हणाली. पेन का नाही, असं विचारलं तर हसली. या पावसात शाईचा ओघळ व्हायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

(चौकटीच्या आत, अगदी जवळून.)

ही निळी-जांभळी बारकी फुलं म्हणजे सीतेची आसवं. दिसतात नाजूक, पण मातीखाली त्यांच्या सूक्ष्म पिशव्या आहेत आणि त्या पिशव्यांत किडे अडकतात. शेजारी पांढऱ्या गुंड्यांसारखे गेंद. त्या कडेला चिकट थेंब मिरवणारा दवबिंदू, तोही कीटकभक्षी. जांभ्यावरच्या या मातीत नत्र फारसं नाही. मग झाडांनी शिकार करायची, नाहीतर उपाशी राहायचं.

तेवढ्यात मागून गुरांच्या घंटा वाजतात. घोंगडीची खोळ घेतलेले एक मामा थांबून बघत राहतात.

"काय मोजतीस गं पोरी? गवातच हाय की सगळं."

"गवत नाही मामा, फुलं मोजतेय."

"आगं पण हीच जागा गेल्या सालीबी मोजलीस न्हवं?"

"म्हणून तर परत आले."

मामा मान हलवतात आणि म्हशींमागे निघून जातात. पर्वतीय परिसंस्थेचा अभ्यास कसा चालतो, ते या चार वाक्यांत आलं. तीच जागा, तोच महिना, तीच चौकट, पुन्हा.

(उन्हाळ्यातला तोच सडा. तापलेला, काळसर, रिकामा.)

हाच सडा मे महिन्यात पाहिला तर इथे काही जगत असेल यावर विश्वास बसणार नाही. खडक तापून चटके देतो. चार महिने पाण्यात बुडायचं आणि पुढचे आठ महिने भाजून निघायचं, असं इथल्या झाडांचं वर्ष. काही झाडं बियांत किंवा कंदात लपतात. सह्याद्रीतल्या सड्यांवर आढळणारा वायतुरा कंदातच उन्हाळा काढतो. काही झाडं मात्र लपत नाहीत. पानं पापडासारखी वाळतात, कुस्करली तर चुरा होईल अशी, आणि पहिल्या पावसात तीच पानं पुन्हा हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात अशा ६२ वनस्पती नोंदवल्या आहेत. त्याआधी माहीत होत्या त्या जेमतेम नऊ-दहा. पाणी गेलं तरी पेशी मरत नाही, हे कसं? दुष्काळी शेतीचा विचार करणाऱ्याला हा प्रश्न सोडून देववत नाही.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यातली चार महाराष्ट्रातली: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासला गर्दी झाली, कुंपण आलं, गुरं बाहेर राहिली. मग स्थानिकच म्हणायला लागले, गुरं थांबली तशी फुलंही कमी झाली. काही वर्षांनी कुंपण काढलं. चराईने सडा बिघडतो की टिकतो? चहाच्या टपरीवर याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. सड्यावर ते मिळायला काही वर्षं गुरांना मोकळी असलेली चौकट आणि बंद असलेली चौकट, दोन्ही शेजारी शेजारी मोजाव्या लागतात.

(हिमालयातली बुग्याळं, म्हणजे उंचावरची कुरणं. मग कळसूबाईचा माथा.)

डोंगर आणि बदलतं हवामान म्हटलं की डोळ्यांसमोर हिमालयच येतो. तिथे काम आहेच. अल्मोड्याजवळ कोसी-कटारमलला गोविंद बल्लभ पंत यांच्या नावाची राष्ट्रीय हिमालय पर्यावरण संस्था आहे, डेहराडूनला वाडिया भूविज्ञान संस्था आणि भारतीय वन्यजीव संस्था. जगभर पाहिलं तर व्हिएन्नातून चालणारा ग्लोरिया हा उपक्रम आहे. २००१ पासून निरनिराळ्या देशांतल्या शिखरांवर कायमच्या चौकटी आखून ठरावीक वर्षांनी तीच झाडं पुन्हा मोजायची, एवढंच त्याचं सूत्र. ऊब वाढली की झाडं वर सरकतात, हे अशाच मोजण्यांतून दिसलं.

सह्याद्रीचं गणित वेगळं आहे. कळसूबाई १६४६ मीटर, आणि तिथे महाराष्ट्र संपतो, वरच्या बाजूने. हिमालयातल्या झाडाला वर सरकायला जागा तरी आहे. सड्यावरचं झाड आधीच गच्चीवर उभं आहे. माझ्या मते आपल्या विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात मोठी संधी इथेच आहे, आणि ती एसटीच्या तिकिटात गाठता येते.

(एसटी स्टँड. पाठीवर सॅक, हातात वनस्पती दाबण्याचा प्रेस.)

सुरुवात एम.एस्सी.च्या प्रबंधापासून होते. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, पर्यावरणशास्त्र, भूगोल, कुठूनही. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता या विषयातच एम.एस्सी. आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने कंदीलपुष्पांवर केलेलं काम देशभर ओळखलं जातं. वन्यजीवशास्त्राची एम.एस्सी. डेहराडूनला आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान केंद्रात होते, पण जागा मोजक्या. प्रबंधाला मिळतो एखादाच पावसाळा. त्यातून मोठा निष्कर्ष निघत नाही, आणि तो काढायचा हट्टही धरू नये. एका ऋतूची नीट, प्रामाणिक यादी झाली तरी पुष्कळ.

पुढे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार आणि नंतर ४२ हजार रुपये, सगळी मिळून पाच वर्षं. ती नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. आकडे कागदावर छान दिसतात. या माहितीपटासाठी भेटलेल्या एकाने सांगितलं, की त्याच्या फेलोशिपचे पैसे काही महिने अडकले आणि तो अख्खा पावसाळा त्याने गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात झोपून, वडिलांनी पाठवलेल्या पैशांवर काढला. पाऊस काही हप्ता जमा व्हायची वाट बघत नाही.

आणि परवानगी. कोयना किंवा चांदोलीत काम करायचं तर अर्ज नागपूरच्या वनभवनाच्या वाटेने जातो. जूनमध्ये सड्यावर उभं राहायचं असेल तर आदल्या दिवाळीतच कागद हलवायला लागा. गाइड हे सांगतात. विद्यार्थी ऐकत नाहीत. एक पावसाळा बुडाला की मग ऐकतात.

काम फुलांचंच असतं असंही नाही. कोकणातल्या सड्यांवर अभ्यासकांनी सुटे दगड एकेक करून उचलले, खाली कोण राहतं ते टिपलं आणि दगड होता तसाच परत ठेवला. बेडूक, पाली, विंचू, कधी फुरसं. मोकळा सडा, भातखाचर आणि आंब्या-काजूची बाग यांत या दगडाखालच्या वस्तीचं काय होतं, हा प्रश्न. आंबोलीत तर असा एक भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, आहे, ज्याचं जगातलं घर तेवढाच परिसर. भौतिकशास्त्रवाल्यांसाठी महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा आहे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१२ मध्ये उभी केलेली. तिथे ढग खिडकीतून आत येतो, त्याच्याकडे विमानाने जावं लागत नाही.

(तळ्याकाठचा गाळ. नळीतून निघणारा चिखलाचा दांडा.)

पीएच.डी.नंतर पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीचं पुढचं संशोधन. राष्ट्रीय पातळीवर एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन प्रतिष्ठानाची दोन वर्षांची फेलोशिप आहे, वयाची अट साधारण पस्तीस. युरोपात मारी क्युरी आणि हम्बोल्ट. बाहेर जाणाऱ्याला आपल्याकडे लगेच "गेला" म्हणतात, पण गाळातल्या परागकणांचं वाचन, उपग्रहाच्या चित्रांवरून धुक्याचा हिशेब, ही हत्यारं कुठेही शिकली तरी सड्यावर चालतात. कासच्या मोसमी तळ्यातल्या गाळाचंच बघा. आघारकर संस्था आणि तिरुअनंतपुरमच्या भूविज्ञान केंद्राने त्यातले परागकण आणि डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं वाचून सुमारे आठ हजार वर्षांच्या मोसमी पावसाचे चढउतार मांडले.

पुण्यात ही संस्था शोधताना लोक हमखास गोंधळतात, कारण आघारकर संस्था आहे आगरकर रस्त्यावर. आगरकर म्हणजे समाजसुधारक. शंकर पुरुषोत्तम आघारकर वेगळे, मालवणचे, बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, त्यांनी सह्याद्रीतल्या नदीत गोड्या पाण्यातली जेलीफिश अभ्यासली होती. समुद्रात असायची ती, सातारच्या डोंगरातल्या पाण्यात! रोज त्याच घाटावर धुणं धुणाऱ्यांनी ती पाहिली नसेल असं थोडंच आहे. पण वहीत कुणी लिहिली नव्हती.

(कारवीने जांभळा झालेला डोंगर.)

आता घड्याळाची गोष्ट. कारवी आठ वर्षांनी फुलते आणि मरते. मुंबईजवळच्या डोंगरांत ती २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. पुढची खेप २०३२ ला. २०२५ मध्ये फेलोशिप सुरू झालेल्याची पाच वर्षं २०३० ला संपतात. दोन वर्षं कमी पडतात. डोंगराचं घड्याळ आणि फेलोशिपचं घड्याळ कधीच जुळत नाही. म्हणून इथे एकट्याचं संशोधन फार पुढे जात नाही. एम.एस्सी.वाल्याची यादी, तिच्यावर पीएच.डी.वालीची पाच वर्षं, आणि त्या दोघांच्या वह्या घेऊन बसणारा पोस्टडॉक, अशी साखळी लागते. अडचण एवढीच, की निम्म्या वह्या कपाटात नाहीतर बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये संपतात. चौकट नेमकी कुठे होती, हेच पुढच्याला कळत नाही.

(पुन्हा पहिला सडा. पाऊस उणावलेला.)

मोजून झालं आहे. ती चौकट उचलते आणि चारही कोपऱ्यांशी बोटांनी शेवाळ खरवडते. खाली जांभ्यात ठोकलेला स्टीलचा खिळा आहे, त्याला तारेने बांधलेला पत्र्याचा बिल्ला. हा तिने ठोकलेला नाही. तिच्याआधी इथे काम केलेल्या मुलाचा आहे. त्याला ती दोनदाच भेटली आहे. बिल्ल्यावरचा आकडा गंजलाय, सात की एक कळत नाही. ती खिशातून मोबाइल काढते, टेकडीच्या टोकावर जाऊन रेंज शोधते आणि त्याला फोन लावते.

"दादा, कड्याच्या बाजूचा खिळा... सात ना?"

वाऱ्यात पलीकडचं उत्तर आपल्याला ऐकू येत नाही. ती मागे येते, नवा बिल्ला बांधते आणि पेन्सिलीने वहीत लिहिते: ७.