बिज्याचा पेला आणि पांढरा उंदीर

(दृश्य: ओसरीवर लाकडी पेला, काठोकाठ पाणी)

गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट. या जंगलपट्ट्यात बिजाचं झाड कुणाला दाखवून द्यावं लागत नाही. त्याच्या लाकडाचा पेला रात्री पाण्यानं भरून ठेवायचा आणि सकाळी उपाशीपोटी ते पाणी घ्यायचं. ‘शुगर हाय’ म्हटलं की शेजारपाजारचे हा सल्ला हमखास देतात. रात्रीतून पाणी तांबूस होतं. उन्हात धरलं तर निळसर झाक दिसते.

पण रंग उतरला म्हणजे गुणही उतरला, असं थोडंच आहे? ते तपासायला आधी मधुमेह झालेला प्राणी लागतो.

(दृश्य: प्रयोगशाळा, पिंजरे)

तो मुद्दाम तयार करतात. पांढऱ्या उंदरांना उपाशी ठेवून स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचतात. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी त्यानं मरतात. मरता मरता त्यांच्यात साठलेलं इन्सुलिन रक्तात सांडतं आणि साखर धाडकन खाली येते. म्हणून पहिल्या रात्री पिंजऱ्यात ग्लुकोजचं पाणी ठेवतात. नाहीतर सकाळी उंदीर मेलेले सापडायचे. तीन दिवसांनी शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतात. साखर साधारण २५० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) वर असली, की उंदीर प्रयोगात घेतला.

मग गट पडतात. कुणाला नुसतं पाणी, कुणाला ग्लिबेनक्लामाइडसारखं मधुमेहाचं माहितीतलं औषध, बाकीच्यांना बिज्याच्या लाकडाचा अर्क. टोकाला गोळी असलेल्या बोथट सुईनं तो थेट पोटात सोडतात, रोज, तीन-चार आठवडे. जीव मुका आहे. म्हणून किती उंदीर लागणार आणि का, याचा हिशेब नीतिसमितीपुढे आधीच मांडावा लागतो.

समजा, अर्काच्या गटात साखर उतरली. तरी पाणी मुरतं ते पुढेच. अर्क पुष्कळदा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो, पेल्यात मात्र साधं पाणी. शिवाय बीटा पेशी मेलेला उंदीर टाइप १ च्या रुग्णाच्या जवळचा. गावातल्या बहुतेकांची शुगर टाइप २ ची. तिथं इन्सुलिन असतं, शरीर त्याला दाद देत नाही.

झाडपाल्यातून औषध निघत नाही, असं नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या औषधाचं मूळ गलेगा या युरोपातल्या वनस्पतीत सापडतं. पण १९५७ साली फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले, ते कारखान्यात घडवलेल्या, मात्रा मोजता येणाऱ्या औषधाचे. पेल्यातल्या पाण्याची मात्रा कोण मोजणार?

(दृश्य: सकाळ, कपाशीचं शेत)

पेला घेणाऱ्यांनी गोळ्या मनानं बंद करू नयेत. आणि दवाखान्यात पेल्याचंही सांगावं. डॉक्टर विचारत नाहीत, म्हणून कुणी बोलत नाही. गोळी आणि पेल्यातलं पाणी मिळून साखर फार खाली गेली, तर धुऱ्यावरच भोवळ येते.